पाण्याखालचा महाल बघायला औशाला या!

टिटिकाका तलावातल्या बेटांच्या रील्स सगळे एकमेकांना पाठवताहेत. ३,८०० मीटर उंचीवरचं पाणी, त्यात वस्ती. भारीच आहे, पण पेरू लांब पडतं राव! लातूरपासून अवघ्या २० किलोमीटरवर, बालाघाटच्या पठारावर आपला औशाचा भुईकोट आहे. त्याला चहूबाजूंनी सुमारे ३६ मीटर रुंद खंदक. एकेकाळी पाण्यानं वेढलेलं बेटच हे. आता बहुतेक कोरडा, पण काठावर उभं राहिलं की रुंदी अंगावर येते.

किल्ला मुद्दाम खोलगट जागेत बांधलाय. लांबून येणाऱ्याला तो दिसतच नाही. बुरुजावरच्या पहारेकऱ्याला मात्र सगळं रान दिसतं. तरी १६३६ मध्ये मुघलांनी तो घेतलाच.

वेळ राखून ठेवायचा तो जलमहालासाठी. वर हौद, खाली खोल्या. पायऱ्या उतरताना उन्हाची धग मागे राहते, हाताला भिंत गार लागते. एसीवाल्यांनी जरा शिकावं! बॅटरी मात्र सोबत हवीच, मोबाइलचा उजेड पुरत नाही.

सकाळी लवकर निघा. दुपारी डबा खाऊन निलंगा रस्त्यानं खरोशाची लेणी गाठा. ती जांभ्या दगडात कोरलेली. वेरूळच्या काळ्या पाषाणासारखी धारदार शिल्पं इथं शोधू नका, दगड झिजलाय. नरसिंह, शिवपार्वती तरीही ओळखू येतात.

पावसाळा सरल्यावर या. एप्रिल-मे मध्ये बुरुजावर चढणं म्हणजे निव्वळ हौस.