अंश दवाखान्यात, छेद गावात

(आरोग्य विज्ञान शाखांतील पीएच.डी. संशोधकांच्या परिषदेत अमरावती येथे केलेल्या स्वागतपर व्याख्यानाचे शब्दांकन)



कुणी अकोल्याहून सकाळच्या गाडीनं आलं, कुणी यवतमाळ-बुलढाण्याहून एसटीनं. समोर मेडिकलचे विद्यार्थी आहेत, तसेच आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक, नर्सिंग आणि फिजिओथेरपीचेही आहेत. 1998 मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालं आणि या सगळ्या शाखा एका विद्यापीठात आल्या. त्याचा एक फायदा असा, की आज तुम्ही सगळे एका सभागृहात बसला आहात.

वऱ्हाडात हे चित्र हळूहळू तयार झालं. अमरावतीचं डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय 1984 चं, यवतमाळचं शासकीय महाविद्यालय 1989 चं, अकोल्याचं 2002 चं. 2024 मध्ये अमरावती, बुलढाणा आणि वाशीम इथेही शासकीय महाविद्यालयं सुरू झाली. म्हणजे आज विभागाच्या पाचही जिल्ह्यांत वैद्यकीय महाविद्यालय आहे. इमारती आल्या, खाटा आल्या, जागा वाढल्या. आता प्रश्न असा, की इथल्या आजारांची उत्तरं इथून निघणार आहेत का?

स्वागताच्या भाषणात साधारणपणे शुभेच्छा देतात. त्या आम्ही देऊच. पण त्याआधी एकच गोष्ट नीट समजावून सांगायची आहे, आणि त्यासाठी आपल्या दारातलंच उदाहरण घेऊ.

खारपाणपट्टा तुम्हाला माहीत आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधून वाहणारी पूर्णा. या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या शेकडो गावांत जमिनीखालचं पाणी खारट आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, संग्रामपूर ही नावं घेतली की पुढचं सांगावं लागत नाही. या गावांमधून किडनीच्या आजाराच्या तक्रारी वर्षानुवर्षं येत आहेत. माणूस कमावता असतो, पायावर सूज येते, भूक जाते, आणि सर्वोपचारला किंवा इर्विनला पोहोचेपर्यंत डायलिसिसची वेळ आलेली असते. मग आठवड्यातून दोन-तीन वेळा गाडीभाडं, सोबत एक माणूस, बुडालेली मजुरी. गावात सगळे म्हणतात, पाण्यानं झालं.

झालंही असेल. पण संशोधक म्हणून आपल्याला ‘असेल’वर थांबता येत नाही.

समजा, तुम्ही दवाखान्याचं रजिस्टर उघडलं. एका तालुक्यातून किडनीचे 40 रुग्ण आले, दुसऱ्यातून 10. पहिल्या तालुक्यात आजार चौपट आहे असं म्हणायचं का? थांबा. पहिल्या तालुक्याची लोकसंख्या मोठी असेल. तिथून रस्ता चांगला असेल. दुसऱ्या तालुक्यातले लोक परस्पर दुसऱ्या शहरात जात असतील, किंवा कुठेच जात नसतील, घरीच संपत असतील. शाळेत आपण अपूर्णांक शिकलो, वर अंश आणि खाली छेद. रजिस्टर फक्त अंश देतं. छेद गावात असतो. एकूण माणसं किती, त्यांची वयं काय, ती काय पितात, किती वर्षांपासून पितात, हे गावात गेल्याशिवाय कळत नाही.

याचं एक जुनं आणि चांगलं उदाहरण लंडनचं आहे. 1854 ची कॉलऱ्याची साथ. डॉ. जॉन स्नो यांचं नाव पंपाच्या गोष्टीमुळे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्यांचं खरं मोठं काम दुसरंच. दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्या एकाच भागात, एकाच गल्लीत नळानं पाणी देत होत्या. एक कंपनी शहराच्या घाणीतलं थेम्सचं पाणी उचलायची. दुसरीनं 1852 मध्येच आपला उपसा वरच्या, स्वच्छ प्रवाहात नेला होता. स्नो घरोघर फिरले आणि मृत्यू झालेल्या घरात पाणी कोणत्या कंपनीचं, हे विचारत गेले. कोणत्या कंपनीची एकूण घरं किती, हा छेदही त्यांनी मिळवला. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत पहिल्या कंपनीच्या दर दहा हजार घरांमागे 315 मृत्यू, दुसरीच्या 37. जंतूंमुळे रोग होतो हे तेव्हा सर्वमान्यही नव्हतं. तरी पाण्याविरुद्धचा पुरावा उभा राहिला, कारण भागाकार बरोबर केला होता.

आता पुन्हा आपल्या पट्ट्यात या. वान आणि शहानूर धरणांवरून इथल्या गावांना गोडं पाणी देणाऱ्या योजना झाल्या. 84 खेडी योजना सगळ्यांना माहीत आहे. पण कुठे पाणी आधी पोहोचलं, कुठे उशिरा. कुठे रोज येतं, कुठे पंधरा दिवस येत नाही आणि लोक पुन्हा विहिरी-बोअरकडे वळतात. म्हणजे स्नोसारखी तुलना करायची संधी आपल्यासमोर आहे. गोडं पाणी आधी मिळालेल्या आणि उशिरा मिळालेल्या गावांत किडनीच्या कामात फरक दिसतो का? हा एक प्रश्न एका पीएच.डी.ला पुरून उरेल.

मात्र तो सोपा नाही. किडनीचं काम आपण रक्तातल्या क्रिएटिनिनवरून अजमावतो. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. शेतमजुराचं अंग किडकिडीत, आहारात प्रथिनं कमी. त्याचं क्रिएटिनिन मुळातच कमी असतं, त्यामुळे किडनी बिघडलेली असूनही अहवाल बरा दिसू शकतो. उलट बाजू बघा. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या पुढे जातो. दिवसभर शेतात राबलेल्या माणसाचं रक्त संध्याकाळी घेतलं, तर शरीरातलं पाणी कमी झाल्यामुळेच क्रिएटिनिन तात्पुरतं वाढलेलं असू शकतं. म्हणून जुनाट आजार म्हणायचा तर बिघाड किमान तीन महिने टिकलेला दिसावा लागतो. एका शिबिरात एकदाच रक्त घेऊन ‘इतके रुग्ण सापडले’ अशी बातमी होईल, संशोधन होणार नाही.

शिवाय संशयित एकटं पाणी नाही. मधुमेह आहे, रक्तदाब आहे. अंगदुखीसाठी मेडिकलमधून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या आहेत, फवारणीची औषधं आहेत, उन्हातलं काम आहे. श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतात, आंध्रच्या उद्दानम भागात आणि मध्य अमेरिकेच्या ऊसमळ्यांत शेतात राबणाऱ्यांना असाच, नेहमीची कारणं न सापडणारा किडनीचा आजार होतो. तिथेही पाणी, ऊन, रसायनं असे अनेक धागे तपासले गेले आहेत. म्हणून हे काम एकट्या डॉक्टरचं नाही. पाण्याची आणि मातीची जाण अकोल्याच्या कृषी विद्यापीठात आहे. त्यांचं दार वाजवा. नर्सिंगच्या संशोधकांना घरोघर बोलण्याची सवय आहे. आयुर्वेदाच्या मित्रांनी लोक कोणते काढे, कोणती भस्मं घेतात याची नोंद करावी. तीही माहिती लागणारच आहे.

विदर्भातच हे करून दाखवलेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं आधी गावागावांत जन्म आणि मृत्यू मोजले. मग 39 गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि 47 गावांशी तुलना केली. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला होता. आज आशाताई बाळाला बघायला घरी येते, त्या धोरणामागे हे काम आहे. मोजणीतून धोरण होतं, ते असं.

आणखी एक गोष्ट, जी सिनॉप्सिसमध्ये दोन ओळींत उरकली जाते. ज्यांचं रक्त तुम्ही घेता, ती माणसं आहेत. संमतीपत्र त्यांना कळेल अशा भाषेत असू द्या. दर्यापूरला वऱ्हाडीत समजावा. उद्या मेळघाटात काम केलंत, तर कोरकूत समजावा. आणि एखाद्याचं क्रिएटिनिन वाढलेलं सापडलं, तर त्याला त्याचा अहवाल मिळाला पाहिजे आणि पुढे कुठे जायचं हेही कळलं पाहिजे. त्याच्यासाठी तो तक्त्यातला आकडा नाही. वेळेवर कळलं तर डायलिसिस काही वर्षं पुढे ढकललं जाऊ शकतं. प्रबंध नंतर पूर्ण होईल, हे आधी करा.

या परिषदेत तुम्ही एकमेकांचे पोस्टर बघाल, सादरीकरणं ऐकाल. आमची विनंती एवढीच, की प्रत्येक टक्केवारीपुढे थांबा आणि विचारा, ‘छेद काय घेतला?’ प्रश्न विचारणाऱ्यानं संकोच करू नये आणि उत्तर देणाऱ्यानं रागावू नये. गाईडसमोर अडखळण्यापेक्षा इथे मित्रांसमोर अडखळलेलं परवडतं. तुमचा विषय किडनीचा नसेल, कापूस वेचणाऱ्या बायांच्या कंबरदुखीचा असेल किंवा खर्रा खाणाऱ्या पोरांच्या तोंडाचा असेल, तरी हा प्रश्न लागू पडतोच.

वऱ्हाडात आता महाविद्यालयं आहेत, तुम्ही आहात, आणि उत्तराची वाट बघणारी गावं तासा-दोन तासांच्या अंतरावर आहेत. तुमच्या कामाला मनापासून शुभेच्छा.