पगारी नोकरीतून घडलेला नायक

अशोककुमार यांच्या कारकिर्दीचा आरंभ समजून घ्यायचा, तर हिमांशू राय आणि देविका राणी यांनी १९३४ साली मालाडला उभारलेल्या बॉम्बे टॉकीजची रचना आधी पाहावी लागते. कारण लेखक, नट, संगीतकार आणि तंत्रज्ञ अशा सर्वांना पगारावर एका छताखाली ठेवणाऱ्या तिथल्या ‘स्टुडिओ पद्धती’नेच त्यांना नट केले, त्यांच्या स्वतःच्या इच्छेने नव्हे. भागलपूरला १९११ साली जन्मलेले कुमुदलाल गांगुली, मेहुणे शशधर मुखर्जी बॉम्बे टॉकीजमध्ये होते म्हणून मुंबईला आले आणि चित्रित फिल्म धुऊन तिच्या प्रती काढणाऱ्या लॅबमध्ये रुजू झाले. ‘जीवन नैया’च्या (१९३६) नायकाला चित्रपटातून काढावे लागले, तेव्हा राय यांनी लॅबमधल्या या तरुणाला ‘अशोककुमार’ हे नवे नाव देऊन कॅमेऱ्यासमोर उभे केले.

त्याच वर्षीच्या ‘अछूत कन्या’ने, म्हणजे अस्पृश्य मानली गेलेली कस्तुरी आणि ब्राह्मण प्रताप यांच्या शोकांतिकेने, त्यांना कीर्ती मिळवून दिली. तरीही आज तो चित्रपट पाहताना जाणवतो तो देविका राणींचा आत्मविश्वास आणि त्यांच्यासमोरच्या नायकाचा अवघडलेपणा. नायक-नायिकेची गाणी दोघांनी स्वतःच म्हटली आणि ती त्यांना पेलावीत म्हणून संगीतकार सरस्वतीदेवींनी चाली साध्या ठेवल्या.

पुढे जे घडले ते मात्र विलक्षण आहे. पारशी रंगभूमीवरील नटाला शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्यासाठी आवाज चढवावा लागे. मायक्रोफोन हळू बोललेलेही टिपत असल्यामुळे पडद्यावर आवाज चढवण्याची गरज उरली नव्हती, आणि रंगभूमीच्या सवयी अंगी नसलेल्या अशोककुमारांना हा बदल इतरांपेक्षा सहज साधला. ‘कंगन’ (१९३९), ‘बंधन’ (१९४०) आणि ‘झूला’ (१९४१) या चित्रपटांत त्यांच्यासोबत मराठी रंगभूमीवरून आलेल्या लीला चिटणीस होत्या. डोळ्यांनी बोलणे आपण त्यांच्याकडून शिकलो, हे अशोककुमारांनी मोकळेपणाने मान्य केले, आणि मराठी वाचकाने हे ऋण अवश्य लक्षात ठेवावे.

ग्यान मुखर्जी दिग्दर्शित ‘किस्मत’मध्ये (१९४३) हा संयत अभिनय पूर्णत्वाला गेला. नायक चक्क खिसेकापू, तरीही प्रेक्षकांची सहानुभूती अखेरपर्यंत त्याच्याच बाजूला राहिली, आणि कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रपटगृहात तो चित्रपट तीन वर्षांहून अधिक काळ चालला. राय यांच्या १९४० मधील निधनानंतर बॉम्बे टॉकीजमध्ये गट पडले होतेच. शशधर मुखर्जी आणि ग्यान मुखर्जी यांच्यासह अशोककुमार तेथून बाहेर पडले आणि गोरेगावला फिल्मिस्तान उभे राहिले.