माळ्यावरचा वेताळ रद्दीत जाऊ नये म्हणून...

उन्हाळ्याच्या सुटीत मामाच्या गावी गेल्यावर दुपारी घराबाहेर पडण्यास सक्त मनाई असे. इंदापूर तालुक्यातल्या अशाच एका दुपारी, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, प्रस्तुत लेखकाला वेताळ भेटला. मुखपृष्ठ फाटलेले, शेवटची दोन पाने गायब. त्या गोष्टीतला खरा गुन्हेगार कोण, हे आजतागायत कळलेले नाही. ते अंक निघणे तेव्हा केव्हाच बंद झाले होते. पुढे जुन्या घराच्या जागी नवे घर उभे राहिले, पेटी भंगारात गेली आणि आतले अंक रद्दीत. बारामती-इंदापूर परिसरातल्या किती घरांतून अशा पेट्या गेल्या असतील, याची गणती नाही.

या अंकांचे नाव 'इंद्रजाल कॉमिक्स'. मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया' समूहाने मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली आणि १९९० मध्ये ती थांबली. या काळात ८०० हून अधिक अंक निघाले. इंग्रजी आणि हिंदीबरोबरच मराठीसह इतर भारतीय भाषांतही ते प्रसिद्ध होत. जादूगार मँड्रेक, अंतराळवीर फ्लॅश गॉर्डन, गुप्तहेर रिप कर्बी अशी मंडळी त्यांतून मराठी घरात आली. मात्र मालिकेचा खरा नायक होता तो मुखवटाधारी वेताळच.

नावाची किमया

वेताळ मूळचा अमेरिकेचा. ली फॉक यांनी रचलेला 'फँटम' १७ फेब्रुवारी १९३६ रोजी तेथील वृत्तपत्रांत अवतरला. सुपरमॅनचा जन्म त्यानंतर दोन वर्षांनी, १९३८ मधला. अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि डोळ्यांवर मुखवटा ही पुढच्या महानायकांची ओळख फँटमने आधीच रूढ केली होती. त्याच्याकडे अलौकिक शक्ती मात्र कोणतीही नाही. बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो. लोकांना वाटते, हा चारशे वर्षे जिवंत आहे. प्रत्यक्षात तो एकविसाव्या पिढीतला वारस आहे. पाटीलकी किंवा देशमुखी बापाकडून लेकाकडे येते हे पाहिलेल्या गावांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागली नाही.

'फँटम'चे शब्दशः भाषांतर 'भूत' असे झाले असते. पण हिंदीत तो 'वेताल' झाला आणि मराठीत 'वेताळ'. या एका शब्दाने मोठे काम केले. आपल्याकडे वेताळ हा भुतांचा राजा खरा, पण तो गावाचा राखणदारही आहे. वेशीबाहेर शेंदूर फासलेल्या दगडाच्या रूपात तो उभा असतो आणि रात्री त्याची स्वारी निघते, अशी लोकांची समजूत आहे. पुण्यातली एक टेकडी त्याच्याच नावाने ओळखली जाते. शिवाय मद्रासहून निघणाऱ्या 'चांदोबा'तला, विक्रमादित्याच्या खांद्यावर बसून कोडी घालणारा वेताळ मुलांच्या परिचयाचा होताच. त्यामुळे परक्या जंगलातला हा नायक मराठी मुलांना परका वाटला नाही.

इतर नावांतही अशीच काळजी घेतलेली दिसते. मूळ कथांत वेताळाचा प्रदेश 'बंगाला', तर त्याचे शत्रू 'सिंग' नावाचे समुद्री चाचे. भारतीय आवृत्तीत बंगालाची 'डेंकाली' झाली आणि सिंगांचे 'सिंगा'. बंगाल आणि सिंग या दोन्ही नावांशी भारतीय वाचकांचे नाते लक्षात घेता या बदलामागचे कारण उघड आहे.

बहादूर आला

आज या कथा पुन्हा वाचताना एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. आफ्रिकेची आठवण करून देणाऱ्या जंगलातल्या आदिवासींचा रक्षणकर्ता पिढ्यान् पिढ्या एक गोरा माणूसच असतो. लहानपणी हे ध्यानात आले नाही, आता येते. या मालिकेला देशी नायक मिळाला तो १९७६ मध्ये. आबिद सुरती यांनी 'बहादूर' लिहिला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी तो रेखाटला. भगवा कुर्ता आणि जीन्स घालणारा हा तरुण एका दरोडेखोराचा मुलगा. बापाच्या वाटेने न जाता तो दरोडेखोरांविरुद्ध नागरिक सुरक्षा दल उभारतो. आपल्या गावांत रात्रीची गस्त घालणारी ग्रामसुरक्षा दले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना बहादूर आपल्यातलाच वाटला असल्यास नवल नाही.

विस्मृती का?

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस घराघरांत दूरचित्रवाणी पोचली. 'रामायण' आणि 'महाभारत' या मालिकांनी रविवारची सकाळ व्यापली. वाचण्याच्या वेळेत आता दुसरा वाटेकरी आला होता. दुसरे कारण कागदाचे. वृत्तपत्री कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातल्या लिग्निनमुळे तो हवा आणि उजेड लागून पिवळा पडतो, ठिसूळ होतो. पिना गंजतात आणि मधली पाने सुटतात. तिसरे कारण मात्र आपल्या मनातले आहे. 'ही काय वाचायची गोष्ट?' असे म्हणत मोठ्यांनी या अंकांना पुस्तकाचा मान दिला नाही, मग कपाटात जागा तरी कोठून मिळणार?

बारामती ही कविवर्य मोरोपंतांची कर्मभूमी. संस्कृतातले महाभारत त्यांनी आर्यांमध्ये मराठीत आणले आणि मराठी माणसाने ते जपले. त्या काव्याशी या अंकांची बरोबरी कोणीच करणार नाही. पण परक्या भाषेतली गोष्ट आपल्या मुलांना आपली वाटावी, ही धडपड येथेही होती. एका पिढीने त्यातूनच स्वतःहून वाचण्याची गोडी लावून घेतली. इंग्रजी आवृत्तीचे चाहते जगभर आहेत. मराठी आवृत्तीची काळजी मात्र मराठी घरांनाच करावी लागेल.

त्यासाठी फार खर्च नको. घराची आवराआवर करताना अशी पेटी सापडली, तर ती थेट रद्दीवाल्याकडे देऊ नये. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये, कारण तिचा डिंक कालांतराने कागद खातो. अंक लॅमिनेट करू नयेत. ते कोरड्या जागी, उन्हापासून दूर, आडवे ठेवावेत. मुखपृष्ठाचे आणि अंक क्रमांकाचे छायाचित्र मोबाइलवर काढून ठेवावे. गावातल्या वाचनालयाने एक कपाट दिले, तर त्याहून उत्तम.

कोणाच्या तरी माळ्यावर त्या अर्ध्या राहिलेल्या गोष्टीची शेवटची दोन पाने अजून असतील. ती रद्दीत जाण्यापूर्वी कोणीतरी पेटी उघडावी, एवढीच अपेक्षा.