नवा गुडघा आणि जुनें घर

मूल पहिल्यानें चालावयास लागतें तेव्हां घरांतील सर्व मंडळी टाळ्या वाजवितात. पडलें तर हंसून उठवितात. परंतु एकाहत्तराव्या वर्षीं जें माणूस पुन्हां चालावयास शिकतें, त्याच्या भोंवतीं सारें घर घाबरून उभें राहतें. आमच्या सासूबाईंच्या उजव्या गुडघ्याच्या सांध्याची गेल्या वैशाखांत शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरच्या चार महिन्यांत प्रेमाच्या भरांत आमच्या हातून कोणत्या चुका घडल्या आणि त्या कशा निस्तरल्या, हें प्रांजळपणें सांगावें, एवढ्यासाठींच हा लेख लिहीत आहें. वडीलधारीं माणसें ज्या घरांत आहेत, त्या प्रत्येक घरावर असा प्रसंग आज ना उद्यां येण्याचा संभव आहे.

आमचें घर साताऱ्यांतलें, जुन्या बांधणीचें. दाराशीं तीन उंच पायऱ्या, मग ओसरी, मग माजघर आणि त्याच्या कडेला एक पायरी उतरून देवघर. या घरांत सासूबाईंचीं पन्नास वर्षें गेलीं. गुडघ्यानें त्यांच्या आयुष्यांतील एकेक गोष्ट कशी हिरावून नेली, तें आम्हांला कळलेंच नाहीं. प्रथम अजिंक्यताऱ्यावरील मंगळाईचें दर्शन सुटलें. मग मंडईंत जाणें सुटलें. मग पंगतींत बसणें सुटलें; 'मी मागाहून टेबलाशीं जेवीन,' असें त्या म्हणत, आणि तें त्यांच्या अगत्याचेंच एक अंग, असें आम्ही समजत असूं. शेवटीं एका सकाळीं देवघरांतील पाटावरून त्यांना उठतांच येईना. मामंजींनीं व मीं मिळून त्यांना उठविलें. त्या दिवशीं त्या कोणाशींच बोलल्या नाहींत. तेल, लेप, पोटळीचा शेक, गोळ्या हें सर्व दहा वर्षें चाललेंच होतें.

डॉक्टरांनीं क्ष-किरणांचें चित्र समोर धरून जें समजाविलें, तें थोडक्यांत असें : मांडीचें हाड व नडगीचें हाड जेथें एकत्र येतात, तेथें दोघांच्याही टोकांवर कूर्चेचें गुळगुळीत आवरण असतें. वय, देहाचा भार, जुनी इजा व कांहीं अंशीं आनुवंशिकता यांमुळें तें झिजतें, आणि एकदां झिजलें कीं परत पूर्वीसारखें वाढत नाहीं. मग हाडावर हाड घासूं लागतें. तेल चोळल्यानें स्नायूंना बरें वाटतें. झीज भरून येत नाहीं. सासूबाईंच्या चित्रांत दोन हाडांच्या मधली फट आंतल्या बाजूस जवळजवळ नाहींशीच झालेली होती, आणि पाय धनुष्यासारखा बांकला होता.

'गुडघा बदलणें' या शब्दांनीं पुष्कळ घबराट होते. वस्तुतः सबंध गुडघा कांहीं काढून टाकीत नाहींत. दोन्ही हाडांच्या टोकांचा सुमारें ८ ते १० मिलिमीटर जाडीचा झिजलेला भाग कापून मांडीच्या हाडावर कोबाल्ट व क्रोमियम यांच्या मिश्रधातूची टोपी, नडगीवर धातूची बैठक, आणि दोहोंच्या मध्यें पॉलिएथिलीन या चिवट प्लॅस्टिकची गादी बसवितात. दांताला टोपी बसवावी, तसाच कांहींसा हा प्रकार आहे. आपले स्नायू, बाजूचे बंध आणि कातडी आपलींच राहतात. आणि पुढील सारी गोष्ट त्या स्नायूंवरच अवलंबून असते.

या विद्येचा इतिहासही मनोरंजक आहे. १८९० सालीं बर्लिन येथें थेमिस्टोक्लेस ग्लुक या शस्त्रवैद्यांनीं क्षयानें पोखरलेल्या गुडघ्यांत हस्तिदंताचा सांधा बसवून पाहिला. परंतु जंतुसंसर्गापुढें ते प्रयोग टिकले नाहींत. आजच्या गुडघ्याची मूळ घडण १९७४ सालीं न्यूयॉर्क येथें वापरांत आली. ती सिद्ध करणाऱ्या मंडळींत जॉन इन्सॉल व पीटर वॉकर यांच्या बरोबरीनें, इंदूर येथें वैद्यकीचें शिक्षण घेतलेले डॉ. चित्तरंजन राणावत हे होते. पुढें पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या दोन्ही गुडघ्यांवर, ऑक्टोबर २००० मध्यें डाव्या आणि जून २००१ मध्यें उजव्या, मुंबईंत याच राणावतांनीं शस्त्रक्रिया केली, तेव्हां हा विषय आपल्याकडे घरोघर बोलला जाऊं लागला. खर्चाचा बोजा मात्र सामान्य गृहस्थाला पेलवणारा नव्हता. ऑगस्ट २०१७ मध्यें सरकारनें कृत्रिम गुडघ्याच्या किंमतीवर मर्यादा घातली आणि नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची किंमत, कर वेगळा धरून, ५४,७२० रुपये ठरविली. रुग्णालयाचा व शस्त्रवैद्यांचा खर्च त्याहून निराळा.

शस्त्रक्रिया दीड तासांत आटोपली. कमरेखालचा भाग तेवढा बधिर केलेला होता. दुसऱ्या दिवशीं सकाळीं परिचारिकेनें सासूबाईंना चौपायी आधार धरवून उभें केलें, तेव्हां मामंजी खोलीबाहेर निघून गेले. त्यांना तें पाहवेना. सासूबाई चार पावलें चालल्या आणि घामाघूम होऊन बसल्या. पांचव्या दिवशीं आम्ही त्यांना घरीं आणलें, आणि येथूनच आमच्या चुकांस आरंभ झाला.

एकत्र कुटुंबांत सेवेला हात पुष्कळ, हा आमचा अभिमान. जाऊबाई अंथरुणावरच चहा नेऊन देत. मुलें पाण्याचा तांब्या हातांत देण्यासाठीं भांडत. भावोजींनीं उशाशीं घंटा ठेविली. पाय अवघडूं नये म्हणून गुडघ्याखालीं मऊ उशी ठेवण्याची युक्ति माझी, आणि ती मला फारच सुखावह वाटली होती, कारण उशी ठेवली कीं सासूबाईंच्या कपाळावरील आठी मावळे. व्यायाम शिकविण्यास फिजिओथेरपीच्या बाई एक दिवसाआड येत. त्यांनीं गुडघा वांकविला कीं सासूबाई ओंठ चावून धरीत. एके दिवशीं त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलेलें मला पाहवलें नाहीं. मीं त्या बाईंना दारांत गांठून म्हटलें, 'आठ दिवस राहूं द्या. सूज उतरली म्हणजे पाहूं.' आठांचे पंधरा दिवस झाले.

सहा आठवड्यांनीं तपासणीस गेलों. डॉक्टरांनीं कोन मोजला. गुडघा ७० अंशांपलीकडे वांकत नव्हता, आणि सरळही पुरता होत नव्हता. खुर्चींतून नीट उठावयाचें तरी ९० अंशांच्या पलीकडे जावें लागतें. डॉक्टर शांतपणें म्हणाले, 'सांधा आम्ही उत्तम बसविला आहे. परंतु आंत व्रण भरतांना जाळें धरतें. हालचाल नसली तर तें घट्ट होतें. तीन आठवडे देतों. तेवढ्यांत फरक पडला नाहीं तर पुन्हां भूल देऊन पाय वांकवावा लागेल.' मग त्यांनीं विचारलें, 'गुडघ्याखालीं उशी कोण ठेवतें?' मी खालीं पाहूं लागलें. गुडघ्याखालीं उशी ठेवल्यानें पाय अर्धवट वांकलेल्या स्थितींतच आंखडतो. उशी ठेवावयाचीच तर ती टांचेखालीं. हें रुग्णालयाच्या कागदावर स्पष्ट छापलेलें होतें, आणि तो कागद मीं जपून कपाटांत ठेवून दिला होता.

त्या रात्रीं मी सासूबाईंजवळ जाऊन बसलें आणि चूक कबूल केली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, 'अगं, मला दुखूं नये म्हणून तूं जपत होतीस, आणि तुला वाईट वाटूं नये म्हणून मी बोलत नव्हतें. दोघींच्या भिडेपायीं पाय मात्र लांकडाचा होऊन चालला.' आणि थोड्या वेळानें : 'भाद्रपदांत गौरी मी माझ्या हातानें बसवीन. तेवढें तूं माझ्याकडून करवून घे. मी रडलें तरी थांबूं नकोस.'

दुसऱ्या दिवसापासून घराची रीत बदलली. घंटा काढून टाकली. पाणी स्वयंपाकघरांतच मिळेल, असें ठरलें. फिजिओथेरपीच्या बाईंची क्षमा मागून त्यांना पुन्हां बोलाविलें. डॉक्टरांनीं दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाच्या आधीं अर्धा-पाऊण तास द्यावयाची; मग टांचेखालीं पंचाची गुंडाळी ठेवून गुडघा खालीं दाबावयाचा; मग अंथरुणावर टांच सरकवीत पाय जवळ घ्यावयाचा; मग खुर्चीच्या कडेशीं बसून चांगल्या पायानें दुसऱ्या पायास हलकेच मागें रेटावयाचें. नंतर कापडांत गुंडाळलेल्या बर्फाचा वीस मिनिटें शेक. असें दिवसांतून तीन वेळां. मामंजी घड्याळ घेऊन बसत आणि वहींत कोन लिहून ठेवीत. पहिले पांच दिवस आंकडा हललाच नाहीं. सासूबाई रडल्याही, आणि मी थांबलें नाहीं. माझ्या आयुष्यांत इतकें कठीण काम मीं दुसरें केलेलें नाहीं. दहाव्या दिवशीं ८० भरले. तीन आठवड्यांनीं डॉक्टरांनीं स्वतः मोजले ते ९५. भूल देण्याची गोष्ट पुन्हां निघाली नाहीं.

श्रावणांत चौपायी आधार सुटून हातीं काठी आली. काठी दुखऱ्या पायाच्या बाजूस धरावयाची नसून विरुद्ध हातांत धरावयाची, आणि पायऱ्या चढतांना चांगला पाय आधीं, उतरतांना शस्त्रक्रियेचा पाय आधीं, हे दोन नियम मुलांनीं ओसरीच्या भिंतीवर खडूनें लिहिले. तीन पायऱ्यांना भावोजींनीं लोखंडी कठडा बसविला. न्हाणीघरांत धरावयास दांडी आली, ओल्या फरशीवर खरखरीत पट्टी आली, आणि माजघरांतील ज्या सतरंजीला आम्ही सगळेच अडखळत होतों ती गुंडाळली गेली. भारतीय पद्धतीच्या शौचकूपाऐवजीं कमोड बसविणें तर आधींच व्हावयास हवें होतें.

उरला तो पाटाचा प्रश्न. कृत्रिम गुडघ्यानें मांडी घालून किंवा उकिडवें बसणें कांहींजणांस साधतें. परंतु फार खोल वांकविल्यानें त्या प्लॅस्टिकच्या गादीवर भार पडतो, आणि म्हणून पुष्कळ शस्त्रवैद्य तें टाळावयास सांगतात. आमच्या डॉक्टरांनींही तसेंच सांगितलें. म्हणजे पन्नास वर्षांचा पाट सुटला तो सुटलाच. ही गोष्ट शस्त्रक्रियेपूर्वीं आम्हीं मोकळेपणीं बोलून घ्यावयास हवी होती. दुःख थांबेल, एवढेंच आम्हीं ऐकलें. काय परत येणार नाहीं, तें विचारलेंच नाहीं.

गौरींच्या आदल्या दिवशीं मामंजींच्या थोरल्या भगिनी आल्या. चौरंग उंच मेजावर आणि त्यापुढें खुर्ची पाहून त्या म्हणाल्या, 'गौरीपुढें खुर्ची? आजवर आपल्या घरांत असें झालें नाहीं.' मी उत्तर शोधूं लागलें, तोंच सासूबाई म्हणाल्या, 'वन्सं, आजवर आपल्या घरांत कोणाच्या पायांत धातूही नव्हता.' आत्याबाई हंसल्या, आणि थोड्या वेळानें त्यांनीं स्वतःच दुसरी खुर्ची ओढून घेतली. त्यांचेही गुडघे कुरकुरत होतेच. दाराशीं उमटविलेल्या पावलांवरून मुखवटे हातांत घेऊन सासूबाई काठीवांचून चालत आल्या. मी एक पाऊल मागें होतें. हात पुढें करावा असें फार वाटलें, तरी केला नाहीं.

आतां दोन शब्द सावधगिरीचे. पोटरी दुखून सुजली, एकाएकीं धाप लागली, ताप आला, किंवा जखमेंतून पाणी येऊं लागलें, तर क्षणाचाही विलंब न लावतां डॉक्टरांस गांठावें. शिरेंत रक्त गोठणें व जंतुसंसर्ग हे विरळ असले तरी खरे धोके आहेत. पुढें दांत काढावयाचा झाला तरी दंतवैद्यांस कृत्रिम सांध्याची कल्पना आधीं द्यावी. गुडघा कित्येक महिने किंचित् उष्ण व सुजलेला राहतो, व्रणाच्या बाहेरच्या बाजूस कातडी बधिर वाटते, चालतांना टक् असा आवाज होतो. यानें भिऊं नये. पूर्ण सुधारणेस वर्ष लागतें. २०१९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत आलेल्या पाहणीप्रमाणें शेंकडा सुमारें ८२ कृत्रिम गुडघे २५ वर्षें टिकतात. तरी सुमारें पांचांतील एका रुग्णास मनासारखें समाधान लाभत नाहीं, हेंही शस्त्रक्रियेचा निश्चय करतांना लक्षांत असावें.

आमच्यासारख्या भरल्या घरांतील भगिनींना माझें एवढेंच सांगणें कीं, रुग्णालयांतून मिळालेला कागद कपाटांत न ठेवतां भिंतीवर लावा, आणि सेवेचे हात थोडे आवरा. सासूबाईंचा डावा गुडघाही झिजलेला आहे. येत्या माघांत त्याचीही शस्त्रक्रिया करावी, असें त्यांनीं स्वतःच ठरविलें आहे. मामंजींनीं नवी वही आणून ठेविली आहे.