साफ पाणी आणि कोरडे भांडे : वऱ्हाडातील डासनिवारणाचा शब्दार्थविचार

डास घाणीत होतात, ही समजूत वऱ्हाडात इतकी रूढ आहे की तिची परीक्षा करण्याची आवश्यकता सहसा कोणास वाटत नाही. घरात डास वाढले की नालीकडे बोट दाखविले जाते, नालीत औषध टाकण्याची मागणी होते आणि शेजाऱ्याच्या उकिरड्यावरून वाद होतो. या समजुतीत तथ्यांश आहे. परंतु डेंग्यू आणि चिकनगुन्या हे रोग ज्या डासामुळे पसरतात, तो डास नालीत वाढत नाही. तो घरात भरून ठेवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. हे सांगितले असता "पानी तं साफ हाये, मंग मच्छर कुठून येतीन?" असा प्रश्न अमरावती-अकोल्याकडील घरांतून स्वाभाविकपणे निघतो. या एका प्रश्नात डासनिवारणातील मुख्य अडचण सामावलेली आहे. ही अडचण जितकी कीटकशास्त्राची आहे, तितकीच शब्दार्थाची आहे.

१. एक शब्द, अनेक जाती

'डास' हा शब्द संस्कृत 'दंश' या शब्दापासून प्राकृत 'डंस' या रूपाच्या द्वारे आलेला आहे. म्हणजे जो चावतो तो डास. प्राण्याचे नाव त्याच्या कृतीवरून पडलेले आहे. वऱ्हाडीत हिंदीच्या सान्निध्यामुळे 'मच्छर' हा शब्दही सर्रास चालतो. प्रमाण मराठीने तो एरवी बाजूस ठेवला असला, तरी 'मच्छरदाणी' या सामासिक शब्दात त्याला कायमचे स्थान दिले आहे. यांपैकी कोणताही शब्द डासांच्या जातींत भेद करीत नाही. चावणाऱ्याला नाव मिळाले. तो कोठे जन्मतो आणि केव्हा चावतो, याला नाव मिळाले नाही.

शास्त्रदृष्ट्या मात्र येथे किमान तीन गट वेगळे करावे लागतात. क्युलेक्स गटातील डास नाल्या, डबकी, शौचकूपांच्या टाक्या अशा दूषित पाण्यात वाढतात, रात्री चावतात आणि हत्तीरोगाचा प्रसार करतात. अ‍ॅनॉफिलीस हा हिवतापाचा वाहक होय. तो विहिरी, ओढे, शेतातील साचलेले पाणी अशा बहुधा स्वच्छ पाण्यात वाढतो आणि तोही रात्रीच चावतो. मेळघाटासारख्या डोंगराळ व जंगलव्याप्त प्रदेशात त्याचे महत्त्व विशेष आहे. तिसरा एडीस. हा पायांवर पांढरे पट्टे असलेला डास दिवसा चावतो आणि माणसाने भरून ठेवलेल्या पाण्यात वाढतो. तिन्ही गटांत चावते ती फक्त मादी. अंडी तयार होण्यासाठी तिला रक्ताची गरज असते.

रोगांच्या नावांतही असेच जुने किंवा चुकीचे अर्थ गोठून राहिलेले आढळतात. 'मलेरिया' या इटालियन मूळ असलेल्या शब्दाचा अर्थ 'वाईट हवा' असा आहे. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या शरीरात हिवतापाचा परजीवी पाहिला आणि हवेचा सिद्धान्त मागे पडला. शब्द मात्र राहिला. मराठी 'हिवताप' कारणाविषयी काहीच न सांगता थंडी व ताप या लक्षणांपुरता थांबतो, म्हणून तो अधिक निर्दोष होय. 'चिकनगुन्या' हा शब्द पूर्व आफ्रिकेतील माकोंडे भाषेतून आलेला असून सांधेदुखीने रुग्ण वाकून जातो, असा त्याचा आशय आहे. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे या रोगाची साथ आली होती. २००६ साली विदर्भासह महाराष्ट्राच्या अनेक भागांत तो पुन्हा आला, तेव्हा 'चिकनगुनिया' असे त्याचे रूप रूढ झाले. कोंबडीशी त्याचा काहीही संबंध नसताना केवळ उच्चारसाम्याने तो सुचविला गेला.

२. पाणी साठविण्याची निकड

एडीस डासाचा प्रश्न वऱ्हाडात तीव्र होण्याचे कारण येथील लोकांचा आळस किंवा अस्वच्छता नव्हे. अकोला शहराला काटेपूर्णा प्रकल्पाचे पाणी मिळते आणि अनेक उन्हाळ्यांत तेथे नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी आले आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजलच खारट असल्यामुळे घरची विहीर किंवा बोअर पिण्याच्या उपयोगाची नसते. बाहेरून आलेले गोडे पाणी जपून ठेवावे लागते. अशा स्थितीत ज्या घरात माठ, गुंड, रांजण, ड्रम, सिमेंटचे टाके आणि गच्चीवरील टाकी ही सर्व भरलेली आहेत, ते घर गृहिणीच्या दृष्टीने सुव्यवस्थित होय. एडीसच्या मादीला हेच घर सर्वांत सोयीचे असते.

यात कूलरची भर पडते. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि कूलर ही चैन राहत नाही. मृगाचा पाऊस पडला की कूलर बंद होतो. पण त्याच्या तळातील पाणी पुष्कळदा तसेच राहते. चिमण्यांसाठी टांगलेले पाण्याचे भांडे, कुंड्यांखालच्या थाळ्या, फ्रिजच्या मागील तबक, परसातील जुने टायर व फुटके डबे, यांचाही याच यादीत समावेश करावा लागतो. एडीस सामान्यतः फार दूर उडत नाही; त्याचा वावर बहुधा शंभर-दोनशे मीटरांच्या आत असतो. म्हणून दिवसा चावणारा डास आपल्याच घरी किंवा शेजारी जन्मलेला असण्याचा संभव अधिक.

३. 'रिकामे' आणि 'घासलेले'

आरोग्य खात्याने रूढ केलेला 'कोरडा दिवस' हा शब्दप्रयोग अर्थदृष्ट्या समर्पक आहे. तो स्वच्छतेचा उल्लेख करीत नाही, पाण्याच्या अभावाचा करतो. अळीपासून डास होण्यास उष्ण हवेत साधारणतः एक आठवडा पुरतो. म्हणून आठवड्यातून एकदा सर्व भांडी कोरडी केल्यास हा क्रम तुटतो, असा त्यामागील हिशेब आहे.

तथापि ज्या घरी पाचव्या किंवा सहाव्या दिवशी नळ येतो, त्या घरी ठरावीक वारी अर्धा ड्रम ओतून द्यावयास सांगणे हा उपदेश ऐकणाऱ्याला क्रूर वाटतो आणि पाळला जात नाही. शिवाय केवळ ओतून देणे पुरेसेही नसते. एडीसची मादी अंडी पाण्यात न घालता पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. ही अंडी कोरड्या अवस्थेत कित्येक महिने टिकू शकतात आणि पाणी पुन्हा वर चढले की फुटतात. म्हणजे रिकामे केलेले भांडे निर्धोक झाले असे नाही. घासलेले भांडे निर्धोक होते. येथे योग्य क्रियापद 'ओतणे' नसून 'घासणे' हे आहे, आणि योग्य वेळ ठरावीक वार नसून नळ येण्याच्या आधीची ती वेळ आहे, जेव्हा भांडे आपोआप तळाला गेलेले असते. आतली कड खरखरीत काथ्याने वा ब्रशाने घासून काढावी आणि नवे पाणी भरताच तोंडावर जुन्या धोतराचे दुहेरी फडके घट्ट बांधावे. फट राहिलेले झाकण हे झाकण नव्हे. यात पाण्याचा अपव्यय जवळजवळ होत नाही.

हा विचार वऱ्हाडी शेतकऱ्याला नवा नाही. बोंडअळी आणि तिचा पतंग हे एकाच जीवाचे दोन टप्पे आहेत, हे त्याला पुरते ठाऊक असते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशीचे मोठे नुकसान केल्यानंतर फर्दड न ठेवण्याचा सल्ला त्याने वारंवार ऐकला आहे; कारण उभ्या राहिलेल्या जुन्या पऱ्हाटीवर अळीचा वंश पुढच्या हंगामापर्यंत टिकतो. न घासलेला ड्रम ही डासाची फर्दडच होय. पाण्यात वळवळणाऱ्या जीवांना बोलीत नुसते 'किडे' म्हटले जाते, त्यामुळे त्यांचा डासाशी संबंध मनात जुळत नाही. त्यांना 'डासअळी' म्हणताच कपाशीच्या वावरातील सर्व ज्ञान घरात उपयोगी पडू लागते.

जे टाके किंवा जी विहीर रिकामी करताच येत नाही, तेथे अळ्या खाणारे गप्पी मासे सोडतात. मात्र नदी-तलावांत ते सोडू नयेत. तेथील मूळच्या जलचरांना त्यांचा उपद्रव होऊ शकतो.

४. नाली, धूर आणि जाळी

क्युलेक्सच्या बाबतीत नालीचा दोष खरा आहे. तेथे पाणी वाहते ठेवणे किंवा जमिनीत जिरविणे हे दोनच मार्ग आहेत. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघरी शोषखड्डे खणून उघड्या नाल्यांची गरजच कमी केली आणि डासमुक्त गाव म्हणून ख्याती मिळविली. वऱ्हाडातील काळ्या चिकण जमिनीत पाणी सावकाश मुरते, म्हणून खड्ड्याचा आकार आणि त्यातील दगडगोट्यांचा भराव यांकडे येथे अधिक लक्ष द्यावे लागेल. शौचकूपाच्या वायुनळीच्या तोंडाला जाळी बांधणे हा याच वर्गातील अल्प खर्चाचा उपाय होय.

धुराविषयी मात्र अपेक्षा मर्यादित ठेवणे इष्ट. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर डासांना काही काळ दूर सारतो, मारीत नाही. आणि बंद खोलीत तो माणसालाही बाधतो. नगरपालिकेच्या धूरफवारणीने उडते डास मरतात. अळ्या व अंडी यांना तिचा स्पर्श होत नाही. फवारणीवरच भिस्त ठेवण्याचा परिणाम देशाने अनुभवलेला आहे. १९५३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमामुळे आणि १९५८ पासूनच्या निर्मूलन कार्यक्रमामुळे रुग्णसंख्या १९६५ पर्यंत सुमारे १ लाखावर आली. परंतु १९७६ साली ती पुन्हा ६४ लाखांवर गेली. डासांत आलेली डीडीटीविषयीची प्रतिकारक्षमता हे त्याचे एक महत्त्वाचे कारण होते.

मच्छरदाणीचा संबंध लोकांच्या मनात रात्रीशी जोडलेला आहे. एडीस दिवसा चावत असल्यामुळे दुपारी निजणारे मूल आणि डेंग्यूचा रुग्ण यांनाही ती आवश्यक आहे. रुग्णाला ती विशेषतः इतरांसाठी हवी; कारण त्याला चावलेला डासच पुढे रोग नेतो.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेल्या गाडगेबाबांनी या प्रदेशाला झाडूचे महत्त्व शिकविले आणि ते आजही कमी झालेले नाही. परंतु झाडू अंगणातील घाण काढतो; ड्रमच्या आतल्या कडेला चिकटलेली अंडी काढीत नाही. 'साफ' आणि 'कोरडे' हे वऱ्हाडीतील दोन वेगळे शब्द आहेत आणि आरोग्यविषयक सूचनांत ते वेगळेच राहिले पाहिजेत. भित्तिपत्रकावर "परिसर स्वच्छ ठेवा" असे लिहिल्यास ज्याचे अंगण आधीच स्वच्छ आहे, तो ते वाक्य शेजाऱ्यासाठी आहे असे समजतो. त्याऐवजी "नळ याच्या आंधी ड्रम घासा, पानी भरलं की फडकं बांधा" असे लिहिल्यास ते कोणासाठी आहे, याविषयी कोणाच्याही मनात संशय राहणार नाही.