वेंगुर्ल्याचे सोनार

सातारा-सांगलीकडे जुन्या पुलांखाली भिरभिरणाऱ्या पाकोळ्या आपण पाहतोच. त्यांची एक बहीण मला वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातल्या खडकाळ बेटांवर भेटली. बाहेर सुरय पक्ष्यांचा कलकलाट, आणि गुहेच्या तोंडाशी उभं राहिलं की आतल्या काळोखातून नुसतं टकटक-टकटक! हा पक्षी आवाज काढतो आणि भिंतीवरून परत आलेला प्रतिध्वनी ऐकून वाट शोधतो. म्हणजे सोनारच की! (दागिन्यांचा नव्हे, पाणबुडीतला.) बहुतेक वटवाघळांचा असा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, याचा येतो. हुमायून अब्दुलअलींनी १९४२ साली या बेटांवरच्या पक्ष्यांबद्दल लिहिलं होतं. घरटं लाळेनं बांधलेलं. परदेशात त्याचं सूप करतात, म्हणून चोरी होते. घरटं खरवडलं की अंडी-पिल्लंही गेली. तेव्हा मंडळी, गेलात तर बाहेरूनच ऐका!