मृत्युपत्र की हयातीतील न्यास?

मालमत्तेची व्यवस्था लावू पाहणाऱ्या माणसापुढे दोन निराळे प्रश्न असतात. आपल्यामागे ही मालमत्ता कोणाला मिळावी, हा पहिला. आणि मिळाल्यावर तिचा सांभाळ कोणी करावा, हा दुसरा. मृत्युपत्र हे मुख्यतः पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे, तर न्यास हे दुसऱ्याचे. कुटुंबापुढे यांपैकी कोणता प्रश्न खरोखर उभा आहे हे आधी ठरविले, तर निवड पुष्कळशी सुकर होते.

मृत्युपत्राचे स्वरूप साधे आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ अन्वये सज्ञान व स्वस्थचित्त व्यक्तीला ते करता येते. त्यावर कर्त्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांचे साक्षांकन लागते. मुद्रांक शुल्क नाही; नोंदणीही ऐच्छिक आहे. कर्ता हयात असेपर्यंत मालमत्ता त्याचीच राहते व मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येते. मुस्लिम कायद्याचे नियम वेगळे आहेत. तेथे तोंडी मृत्युपत्रही चालते; मात्र एक तृतीयांशाहून अधिक मालमत्ता अशा रीतीने देण्यास वारसांची संमती आवश्यक असते.

मृत्युपत्राची उणीव अशी की, ते अमलात येते तेव्हा त्याचा खुलासा करणारा माणूस जगात नसतो. वाद उद्भवल्यास हयात साक्षीदारांपैकी निदान एकाला न्यायालयात उभे करावे लागते. परिस्थिती संशयास्पद असेल, तर मृत्युपत्र पुढे करणाऱ्यानेच त्या संशयाचे निरसन केले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली व्यंकटाचल अय्यंगार खटल्यात स्पष्ट केले. मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांत हिंदूंच्या मृत्युपत्रांना प्रोबेट घेण्याची सक्ती दीर्घकाळ होती. तिचे कलम संसदेने २०२५ मध्ये वगळले.

न्यासाची घडण वेगळी आहे. भारतीय न्यास अधिनियम, १८८२ प्रमाणे मालक आपल्या हयातीतच मालमत्ता विश्वस्तांच्या हाती सोपवितो आणि तिचा उपभोग कोणाला व कसा मिळावा हे लिहून ठेवतो. मालमत्ता स्थावर असल्यास न्यासपत्राची नोंदणी अनिवार्य असते आणि राज्याच्या नियमांप्रमाणे मुद्रांक शुल्क भरावे लागते. न्यास रद्द करण्याचा अधिकार न्यासपत्रात स्पष्टपणे राखून ठेवला नसेल, तर पुढे सर्व लाभधारकांच्या संमतीवाचून तो मोडता येत नाही. असा अधिकार राखला, तर न्यासाचे उत्पन्न प्राप्तिकरासाठी सामान्यतः मूळ मालकाचेच धरले जाते.

इतका खर्च व इतके बंधन कोणी का पत्करावे? एका निवृत्त दांपत्याचे उदाहरण घेऊ. त्यांचे स्वतःचे घर आहे, बँकेत काही ठेवी आहेत आणि धाकटा मुलगा स्वतःचा व्यवहार पाहण्यास असमर्थ आहे. मृत्युपत्राने अर्धे घर त्याच्या नावे केले, तरी मालकी मिळेल. पण तिचे रक्षण करणे त्याला साधणार नाही. न्यास केल्यास भाडे व व्याज त्याच्या अन्नवस्त्रावर आणि औषधोपचारावर खर्च होईल, आणि त्याच्या पश्चात उरलेली मालमत्ता थोरल्याच्या मुलांकडे जाईल. शिवाय वडिलांचीच स्मृती म्हातारपणी ढळली, तरी विश्वस्तांचे काम चालू राहील. मृत्युपत्राला त्या अवस्थेत काहीही करता येत नाही.

अर्थात न्यासाचे बळ विश्वस्तांच्या सचोटीवर अवलंबून असते. सामान्य विवेकाचा माणूस स्वतःच्या मालमत्तेची जितकी काळजी घेतो, तितकी विश्वस्ताने घ्यावी, असे कायदा सांगतो. तरीही एकाच व्यक्तीवर सारा भार न टाकता तिच्यामागे कोण येईल, हेही न्यासपत्रात नमूद करणे श्रेयस्कर. धनकोंना चकविण्याच्या हेतूने केलेले हस्तांतरण त्यांच्या तक्रारीवरून रद्द ठरू शकते. संपदा शुल्क १९८५ मध्ये रद्द झाल्यामुळे ते वाचविण्याचा हेतूही आता उरलेला नाही.

यांशिवाय एक मधला मार्ग आहे. मृत्युपत्रातूनच न्यास निर्माण करता येतो. तो मृत्यूनंतर अस्तित्वात येतो आणि तोवर मालकाचे स्वातंत्र्य अबाधित राहते. ज्या घरात वारस सज्ञान, समर्थ व एकमेकांशी सलोख्याने वागणारे आहेत, तेथे काळजीपूर्वक केलेले मृत्युपत्र पुरेसे असते. जेथे मागे राहणाऱ्याला संपत्तीपेक्षा आधाराची गरज अधिक आहे, तेथे न्यासाचा विचार वेळीच, म्हणजे मालक स्वस्थचित्त असतानाच, झाला पाहिजे.